खिळ्यावरचा हार

“इतकी वर्षं झाली, पण बाईला साधा हार घालता येत नाही हो,” माझ्या मागच्या खुर्चीवरून कुणीतरी कुजबुजलं.

“शिकवणार कोण? खेड्यातली ती,” दुसरा आवाज आला.

व्यासपीठावर भागीरथीबाई झेंडूचा हार हातात धरून नवऱ्याच्या तसबिरीसमोर उभ्या होत्या. मंडळाच्या अध्यक्षीणबाई मागून खुणा करत होत्या, वर करा, अजून वर. भागीरथीबाईंनी हात वर केले आणि तसबिरीच्या शेजारी कंदील टांगायला म्हणून ठोकलेल्या दुसऱ्याच खिळ्याला हार अडकवला. हार चौकटीच्या कडेने खाली लोंबत राहिला. काचेला एक पाकळीसुद्धा लागली नाही. मग त्या दोन पावलं मागे सरल्या, ओठ किंचित हलले, आणि पदर सावरून ठरलेल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. टाळ्या झाल्या.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मलाही तो गावंढळपणाच वाटला होता. दुसऱ्या वर्षी वाटला नाही. सुईत एका झटक्यात दोरा ओवणाऱ्या बाईचा नेम दर वर्षी त्याच बाजूला चुकतो, हे काही पटेना.

वडील डॉक्टर होते आणि त्यांनी अंबरनाथला पूर्वेच्या बाजूला दवाखाना टाकला, म्हणून आम्ही मुंबई सोडून तिथे राहायला आलो. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी घरापुरती यायची, चारचौघांत तोंडातून निघायची नाही. आई महिला मंडळाची चिटणीस झाली आणि वार्षिक अहवाल इंग्रजीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण वर्गणी देणारे कारखान्यांतले साहेबलोक इंग्रजीच वाचायचे. कर्तव्यावर असताना मेलेल्या पोलिसांच्या कुटुंबांना आधार द्यायचा, हे मंडळाचं एक काम होतं. कुटुंबं बरीच असतील, पण मंडळाच्या दाराशी पोचलेलं एकच होतं. त्यामुळे सगळा आधार भागीरथीबाईंवर येऊन पडला होता. पडला होता हाच शब्द मला आजही बरोबर वाटतो.

त्यांचे यजमान हवालदार होते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना सरकारने जुन्या लष्करी बराकींत आणून ठेवलं, तिथे त्यांची नेमणूक होती. त्या वस्तीला तेव्हा सगळे कॅम्पच म्हणत. उल्हासनगर हे नाव नंतर आलं, आणि लोकांच्या तोंडी बसायला त्याहून नंतर. एका दुपारी एका बराकीला आग लागली. आत एक म्हातारी अडकली होती. हवालदार आत गेले, म्हातारीला दारापर्यंत ढकललं, आणि वरचं छप्पर अंगावर आलं. म्हातारी वाचली. ती टोपणदास शेठची आई.

टोपणदास शेठ कॅम्पात कापडाचं दुकान चालवायचे. मंडळाने भागीरथीबाईंना सभागृहामागची खोली दिली, शेठनी शिवणयंत्र दिलं. खोलीत तिघं राहत. त्या, त्यांचे सासरे आणि मुलगी शेवंती. बाप गेला तेव्हा शेवंती रांगत होती. बदल्यात मंडळाचं फारसं मागणं नव्हतं. वागणूक चांगली हवी. वर्षातून एकदा स्मृतिदिनाला व्यासपीठावर बसायला हवं. आणि मधूनमधून पाहुणे आले, की खोली दाखवायला हवी.

पाहुणे पुष्कळ यायचे. यंत्र बघायचे, तसबीर बघायचे, एखाद्या बाई सहज म्हणून डाळीच्या डब्याचं झाकण उचलायच्या. “बरं चाललंय ना?” या प्रश्नाला भागीरथीबाईंचं एकच उत्तर असे, “बरं हाय.” तीन वेगवेगळे प्रश्न विचारले तरी तेच उत्तर. मान खाली, हात मांडीत. आई म्हणायची, किती शांत बाई आहे.

पाहुण्यांची पाठ वळली की ही शांत बाई पायाने दार लोटायची आणि म्हणायची, “डाळ बगून गेली. डाळपन बरी हाय.”

मी अहवालासाठी माहिती घ्यायला जाऊ लागले आणि मग माहिती नसतानाही जाऊ लागले. त्यांच्यासमोर बोलावं लागत नसे. काजं करायचं काम मी अंगावर घेतलं होतं. त्या यंत्रावर, मी खाली चटईवर. बाहेर जीभ बांधलेल्या या बाई इथे एकसारखं बोलत असत. यंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलत, आणि चाक थांबलं की आवाजही थांबे.

“माज्याबद्दल काय लिवलंस गं ताई?” त्यांनी एकदा विचारलं. मी वयाने लहान, पण त्या मला ताईच म्हणायच्या.

“तुम्ही आभारी आहात, असं.”

“लई का?”

“बऱ्यापैकी.”

“लई लिव. लई लिवलं की वरीसभर पुरतं.”

त्या खाकी कापड शिवत नसत. परकर, उशांचे अभ्रे, शाळेचे झगे, काहीही द्या. एकदा शेठनी खाकी चड्ड्यांचं मोठं काम आणलं, चांगली मजुरी होती. भागीरथीबाई म्हणाल्या, “शेठ, ते कापड माज्या यंत्राला सोसत नाय, दोरा तुटतो.” शेठनी दुसऱ्याच दिवशी यंत्र तपासायला कारागीर पाठवला. असा त्यांचा जीव होता. त्यांच्यापासून काही लपवायचं तर त्याचीही दुरुस्ती व्हायची.

त्या वर्षी मला दाखवायचं चाललं होतं. एका घरच्या मंडळींनी पाहून नापसंती कळवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खाली मान घालून काजं करत होते. भागीरथीबाईंना बातमी कळलीच होती. चाक फिरवता फिरवता म्हणाल्या, “तुलापन बगाया येतात, मलापन. तुला निदान नको म्हनतात.”

तसबीर खोलीत दाराच्या समोरच होती. स्मृतिदिनापुरती ती सभागृहात न्यायची आणि पुन्हा आणून लावायची. माणूस मोठा रुबाबदार होता. गोरापान, सरळ नाक, पिळदार मिशा. चित्रकाराने गालांवर गुलाबी रंग फिरवला होता. सासरे, ज्यांना त्या मामंजी म्हणत, दिवसभर त्या तसबिरीखाली बसून असत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. जांभूळहून, म्हणजे त्यांच्या गावाहून, कुणी आलं की ते आधी सगळी हकिकत ऐकून घेत आणि मग मान वर करून तसबिरीला सांगत, “यंदा भात आडवा झाला रं. बांधावरचा आंबा पाडला त्यांनी.” सून तेवढा वेळ यंत्र थांबवून बसे.

एक दिवस शेवंती आरसा घेऊन तसबिरीसमोर उभी राहिली. एकदा वर बघे, एकदा आरशात. सहा-सात वर्षांची असेल. “आये, माजं नाक बाबासारखं हाय?”

“अगदी बापाचं नाक,” म्हातारा खालून म्हणाला.

यंत्राचं चाक फिरत होतं. सुई भागीरथीबाईंच्या बोटात गेली. त्यांनी चाक उलटं फिरवून बोट सोडवलं, तोंडात घातलं, आणि मुलीला म्हणाल्या, “जा, पानी भरून आन.” मुलगी गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं होतं हे त्यांना कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या मला म्हणाल्या, “ताई, माज्यासंगट कल्याणला येशील? फोटूवाल्याकडं. तू विंग्रजी बोललीस तर ऐकंल तो.”

मी गेले. फोटोवाल्याच्या दुकानात त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि कानाशी सांगू लागल्या, मी पुढे बोलू लागले. मला इंग्रजीही तिथे धड फुटेना. तसबीर काढायला दिला होता तो मूळ फोटो परत हवा, एवढंच काम होतं.

दुकानदार भला माणूस होता. त्याला तसबीर चांगली आठवत होती, स्वतःच रंगवलेली. “फोटो म्हणजे तो पलटणीचा ग्रूप ना? त्यातलं डोकं कापून घेतलं मी. त्याशिवाय मोठं करता येत नव्हतं.”

“मग उरलेला?”

“उरलेला?” तो हसला. “उरलेला कोण ठेवतो, बाई? तुमचा माणूस तर तुम्हाला दिला.”

भागीरथीबाई दुकानाच्या पायरीवर खाली बसल्या. दुकानदाराने पाणी दिलं, ते प्यायल्या. परतताना आम्ही फलाटाच्या टोकाला, जिथे कुणी नव्हतं, तिथे उभ्या होतो. तिथे त्यांनी सांगितलं.

यजमानांचा सगळ्या आयुष्यात एकच फोटो निघालेला, प्रशिक्षण संपवून पोलिसात दाखल झाले तेव्हाचा, सगळ्या तुकडीचा. ते गेल्यावर मंडळाच्या बाया, शेठ आणि फोटोवाला असे सगळे घरी आले. फोटो चटईवर ठेवला. यातले हवालदार कोणते, असं विचारलं. सुनेला नव्हे, घरातल्या कर्त्या पुरुषाला. मामंजींनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि ठामपणे बोट ठेवलं. बोट शेजारच्या माणसावर पडलं.

“मी दाराच्या आड. डोईवर पदर. मामंजींच्या तोंडावर, चार परक्यांच्या म्होरं, मी काय बोलू? तुमास्नी दिसत नाय, आसं बोलू? आमच्यात सून सासऱ्यासमोर पानी मागत नाय. म्हनलं, जाऊ दे, मागनं कुनाकडनं तरी सांगू. तवर तसबीर होऊन वाजतगाजत आली.”

“मग तेव्हा शेठना का नाही सांगितलं?”

“शेठ काय म्हनलं ठाव हाय? म्हनलं, बहन, मेरे बाप का फोटो सिंध में दीवार पे रह गया. अब मुझे उसका मुँह याद नहीं आता. तेरी बेटी का ऐसा नहीं होना मंगता. आन् रडलं. येवढा मोठा मानूस. आता त्यांना सांगू, की तुमी चुकीचा बाप दिला?”

गाडी यायला वेळ होता. त्यांनी पदराने मान पुसली.

“आन् तुला सांगते, तो मानूस जिता हाय. आमच्याकडं येकदा जेवून गेलाय. दोनदा भात मागून घेतलान. बदली होऊन नाशकाकडं गेला. त्याची बायको आसंल, कपाळाला कुकू आसंल. त्याच्या फोटूला मी हार घालू? दर वर्साला मी त्याला म्हनते, बाबा, तू सुखी ऱ्हा, तुला आविक्ष मिळो. आन् हार खिळ्याला लावते.”

त्या हसायला लागल्या. पदर तोंडाशी धरून हसू दाबत होत्या. मी पण हसले. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “मला माज्यासाटी कायपन नको. ही पोर त्या परक्याचं नाक घिऊन फिरती, ते बगवत नाय.”

मी कुणाला काही सांगणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. मामंजी आहेत तोवर तरी नाही. म्हाताऱ्याचा लेक दुसऱ्यांदा मारायचा का?

पोलिसांतल्या कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, हा प्रश्न मलाही पडला होता. ठाण्यावरची माणसं बदलून गेली होती, आणि गुलाबी रंगाखाली कुणीही असता तरी चाललं असतं. यजमानांना ओळखणारा एक म्हातारा शिपाई एका स्मृतिदिनाला आला होता. तो तसबिरीसमोर बराच वेळ उभा राहिला. “रंगवताना जरा उजळलाय,” एवढंच म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

पुढच्या हिवाळ्यात मामंजी वारले. शेवटच्या दिवसांत त्यांनी तसबीर खाली काढून मागितली. भागीरथीबाईंनी ती त्यांच्या छातीशी दिली. ते काचेवरून हात फिरवत राहिले आणि या ती धरून बसल्या, म्हाताऱ्याच्या हातांना तिचं वजन पेलेना म्हणून. मी दारातून पाहिलं आणि आत गेले नाही.

आता मोकळ्या झाल्या, सांगतील, असं मला वाटलं. त्या सांगेनात. मी एकदा विषय काढला तेव्हा त्यांनी यंत्राचं चाक हाताने धरून थांबवलं. “सांगून जाऊ कुठं? खोली यांची, यंत्र शेठचं, शाळा यांच्या वळखीनं. फोटू खोटा म्हनलं तर उद्या म्हनतील नवरापन खोटा. ताई, आपन दिल्या जागी बसायचं.” आणि चाक सोडलं.

कुलूप म्हाताऱ्याचं एकच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. दारच नव्हतं, सगळीकडून भिंत होती, आणि ती सगळी चांगल्या माणसांनी चांगल्या मनाने बांधलेली होती.

त्या वर्षी मंडळाला नवीन कल्पना सुचली. शेवंती आता मोठी झाली, या खेपेला हार मुलीच्या हातून घालायचा. वडिलांना वाकून नमस्कार, आणि दोन वाक्यं बोलायची. वाक्यं आईने लिहून दिली, माझ्या आईने. अध्यक्षीणबाई स्वतः खोलीत जाऊन शेवंतीला शिकवून आल्या. हार खिळ्याला नाही, बरं का बाळ, वरून असा गळ्यात घालतात तसा. शेवंती हुशार होती, लगेच शिकली. भागीरथीबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं हाय.”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्या स्मृतिदिनानंतरचं शेवटी सांगत बसले तर तो दिवस मागे पडेल. मंडळात पुष्कळ चर्चा झाली. बायका दुखावल्या होत्या. इतकी वर्षं आम्हाला फसवलं, असं कुणी म्हणालं, आणि म्हणणारीला ते खरंच तसं वाटत होतं. खोली सोडा असं कुणी तोंडाने सांगितलं नाही, पण पाहुणे यायचे बंद झाले आणि सभागृहाच्या नळाला कुलूप लागलं. पावसाळ्याआधी भागीरथीबाई शेवंतीला घेऊन जांभूळला निघून गेल्या. यंत्र शेठनी परत घेतलं नाही, स्वतः बैलगाडीत चढवून दिलं. त्यांनी एका नव्या चित्रकाराला गावाकडे पाठवलं, तुम्ही वर्णन सांगा, तो काढील म्हणून. भागीरथीबाईंनी त्याला जेवू घातलं आणि परत पाठवलं. “शेठला सांगा, पुन्यांदा चुकंल.” मी त्यानंतर लग्न होऊन लांब गेले आणि त्यांची माझी गाठ पडली नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या व्यासपीठावरच्या.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत टोपणदास शेठ, शेजारी त्यांची ती वाचलेली आई. शेवंतीने नवा झगा घातला होता, आईनेच शिवलेला. तिने दोन्ही वाक्यं न अडखळता म्हटली. मग हार उचलला. स्टुलावर चढली, आणि कुणीतरी कौतुकाने म्हणालं, “बघा, पोरीला जमतंय.”

भागीरथीबाई खुर्चीवरून उठल्या. सावकाश, पदर घेऊन, नेहमी उठत तशाच. त्यांनी शेवंतीचं मनगट धरलं. हार दोघींच्या मध्ये लोंबत राहिला. अध्यक्षीणबाई खुणा करू लागल्या, तसं नव्हे, बसा, मुलीला घालू द्या. भागीरथीबाईंनी तिकडे पाहिलंच नाही. सभागृहातल्या एवढ्या माणसांपैकी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांनी मुलीला स्टुलावरून खाली घेतलं, आणि यंत्राच्या खडखडाटावर चढवायच्या त्या आवाजात बोलल्या, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत सगळं ऐकू गेलं.

“शेवंते, थांब. ह्यो तुजा बाप नाय. ह्यो मानूस जिता हाय, त्याला हार घालू नको. तुजा बाप काळा व्हता, माज्यापरीस बोटभर ठेंगना. काशिनाथ त्यांचं नाव. त्यांचा फोटू आपल्याकडं नाय. मी हाय. मला इचार.”